वर्गात राजकारण: बोलू द्यावं की गप्प बसवावं?

शब्दवेडी (धागाकर्ती)

मी माध्यमिक शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवते. निवडणुकीवरचा पाठ चालू असताना नववीच्या वर्गात दोन मुलांची जुंपली. एकाने दुसऱ्याला 'अंधभक्त' म्हटलं, दुसऱ्याने त्याला 'देशद्रोही'. दोन्ही शब्द घरून आलेले होते हे उघड होतं. मी दोघांना थांबवलं आणि उरलेला तास याच शब्दांवर घेतला: असं म्हटल्यावर समोरच्याला बोलायला काय उरतं? तास चांगला रंगला. दुसऱ्या दिवशी एका पालकांचा मुख्याध्यापकांना फोन आला आणि सूचना निघाली की वर्गात चालू राजकारणावर अजिबात चर्चा करायची नाही.

मला ही सूचना चुकीची वाटते. पाठ्यपुस्तकात अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, राजकीय पक्ष आहेत, विरोधी पक्षाचं काम आहे आणि त्या सगळ्यावर मार्कांचे प्रश्न येतात. जे शिकवायचं तेच वर्गात करायला बंदी असेल तर मुलं एवढंच शिकतात की हे उत्तरपत्रिकेत लिहून मोकळं व्हायचं असतं. शिवाय बंदीने मुलं बोलायची थांबत नाहीत. ती मधल्या सुट्टीत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतात, जास्त घाण भाषेत, आणि तिथे थांबवणारं कुणी नसतं.

शिक्षकाने किती बोलावं? स्वतःचं मत सांगावं का? आणि वर्गात ज्याचं मत एकट्याचंच आहे त्याला कसं सांभाळावं? शिक्षक, पालक, विद्यार्थी, सगळ्यांनी लिहा. पक्षांची नावं मात्र नकोत, कृपया.

आडवाट

ताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मी फोन करणाऱ्या त्या पालकांच्या बाजूने आहे. माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या एका सरांनी तासाला 'अमक्या पक्षाला मतं देणारे बिनडोक' असं म्हटलं. आमच्या घरी त्याच पक्षाला मत देतात. मुलगा घरी आला आणि जेवताना गप्प. बऱ्याच वेळाने विचारलं, "बाबा, आजोबा बिनडोक आहेत का?"

तो सरांना उलट बोलू शकत नव्हता. तोंडी परीक्षेचे मार्क त्यांच्या हातात, प्रगतिपुस्तकावरचा शेरा त्यांच्या हातात. अशा ठिकाणी चर्चा कसली? एक बोलतो, चाळीस ऐकतात आणि ऐकणाऱ्यांना घंटा होईपर्यंत उठून जाता येत नाही. याला तुम्ही अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणणार असाल तर ते फक्त सरांचं झालं.

रानपाखरू

आडवाट यांना +१. शाळेत शाळेचं शिकवा.

खडूफळा

@रानपाखरू, नागरिकशास्त्र शाळेचंच आहे हो.

@आडवाट, तुम्ही सांगितलं ते वाईटच. पण ती चर्चा नव्हती, तो शेरा होता. शब्दवेडीताईंनी केलं ते याच्या बरोबर उलट आहे, त्यांनी शेरे थांबवले. दोन्हींवर एकच बंदी घातली की शेरे मारणारे आपले चालू राहतात, कारण ते सूचना वाचून थोडेच बोलतात? गप्प बसतो तो सांभाळून शिकवणारा.

काळा_डगला

वकिली करतो म्हणून कायद्याच्या बाजूने लिहितो, थोडं लांबेल.

आपल्याकडे या विषयावरचा सगळ्यात महत्त्वाचा निकाल १९८६ चा आहे: बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य. बिजो, बिनू मोल आणि बिंदू ही तीन भावंडं, अनुक्रमे दहावी, नववी आणि पाचवीतली. 'यहोवाचे साक्षीदार' या ख्रिस्ती पंथाची. शाळेच्या प्रार्थनेत राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. वर्षानुवर्षं कुणाची तक्रार नव्हती. मग एका आमदारांच्या लक्षात आलं, विधानसभेत प्रश्न आला, चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाने सांगितलं की मुलं कायदा पाळणारी आहेत, त्यांनी कसलाही अनादर केलेला नाही. तरी जुलै १९८५ मध्ये तिघांना शाळेतून काढलं. उच्च न्यायालयात ती हरली. सर्वोच्च न्यायालयात ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या खंडपीठाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं.

धाग्याच्या दृष्टीने त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या. पहिली म्हणजे, बोलण्याच्या स्वातंत्र्यात गप्प राहण्याचं स्वातंत्र्यही येतं असं तिथे मान्य झालं. दुसरी अशी की शिक्षण खात्याने आपली परिपत्रकं पुढे केली होती, तेव्हा न्यायालय म्हणालं की अनुच्छेद १९ खालच्या हक्कावर मर्यादा घालायची तर कायदा लागतो. नुसत्या खात्याच्या परिपत्रकाने ते होत नाही. अनुच्छेद १९(१)(क) मध्ये 'नागरिक' असा शब्द आहे, त्याला वयाची अट नाही. नववीतलं मूलही नागरिक असतं.

मर्यादाही सांगतो. मूलभूत हक्क मुख्यतः राज्यसंस्थेच्या विरुद्ध असतात, त्यामुळे विनाअनुदानित खाजगी शाळेच्या बाबतीत मामला इतका सरळ नसतो. आणि शिक्षकाने वर्गात काय शिकवावं हे ठरवण्याचा अधिकार शाळेकडे बऱ्याच अंशी राहतोच.

निरंजन_७

राष्ट्रगीत न म्हणणं हे स्वातंत्र्य कसं? उद्या कुणी उभं राहायचंच नाही म्हणेल.

काळा_डगला

@निरंजन_७, म्हणूनच ती मुलं उभी राहायची हे निकालात इतक्या ठळकपणे आलं आहे. १९७१ चा राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाला प्रतिबंध करणारा कायदा पाहा. कलम ३ मध्ये गुन्हा आहे तो दुसऱ्याला राष्ट्रगीत गाण्यापासून मुद्दाम रोखण्याचा किंवा गाणाऱ्या सभेत गोंधळ घालण्याचा. स्वतः शांत उभं राहणं त्यात येत नाही. निकालाच्या अखेरीस न्यायमूर्तींनी जे म्हटलंय त्याचा आशय असा: आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, आपलं तत्त्वज्ञान तिचा उपदेश करतं, आपली घटना ती आचरणात आणते, ती पातळ होऊ देऊ नका.

निरंजन_७

मला अजूनही पटलेलं नाही, पण उभी राहायची हे माहीत नव्हतं. मी आजवर ऐकलं होतं ते 'अपमान केला' असंच.

मधली_सुट्टी

वातावरण जरा हलकं करते. माझी पुतणी सहावीत. लोकशाहीचा पाठ संपल्यावर बाईंनी विचारलं, काय शिकलात? ही उभी राहून म्हणाली, "लोकशाही असती तर मॉनिटर आम्ही निवडला असता." बाई हसल्या, आणि पुढच्या आठवड्यात खरोखर निवडणूक घेतली! ही स्वतः उभी राहिली आणि सपाटून पडली. आता म्हणते, नेमणूकच बरी होती.

खडूफळा

बाईंना माझा नमस्कार सांगा. 🙂 हरलेल्या मुलीने दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या मॉनिटरचं ऐकायचं, हे शंभर मार्कांच्या पेपरात शिकवता येत नाही.

दूरदेशी

मी अमेरिकेत असतो, मुलं इथल्या सरकारी शाळेत. इथला टिंकर खटला या विषयात पहिला आठवतो. डिसेंबर १९६५, आयोवातलं डे मॉइन शहर. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ काही मुलं दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेली. मेरी बेथ टिंकर तेव्हा तेरा वर्षांची होती. शाळेने आधीच फितींवर बंदी घातली होती, मुलांना निलंबित केलं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी मुलांच्या बाजूने निकाल दिला. विद्यार्थी आणि शिक्षक आपले हक्क शाळेच्या फाटकाशी काढून ठेवत नाहीत, हे त्यातलं वाक्य इथे सगळ्यांना पाठ असतं.

मला त्यातली कसोटी आवडते. गडबड होईल अशी नुसती भीती शाळेला वाटून चालत नाही. शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा येतोय किंवा दुसऱ्यांच्या हक्कांवर गदा येतेय, असं दाखवावं लागतं. 'वाद नको' हे कारण पुरेसं नाही.

पण पुढे न्यायालयानेच हात आखडता घेतला हेही खरं. १९८८ च्या हेझलवुड निकालात शाळेच्या वर्तमानपत्रातली पानं मुख्याध्यापकांनी गाळली ते योग्य ठरवलं, कारण ते शाळेच्या नावाने, शिक्षणाचा भाग म्हणून निघत होतं. म्हणजे मूल स्वतःच्या दंडाला काय बांधतं ते वेगळं आणि शाळा आपल्या नावाने काय छापते ते वेगळं.

आडवाट

हे सगळं मुलांच्या हक्कांबद्दल झालं आणि मला त्यातलं बरंचसं मान्य आहे. माझा प्रश्न शिक्षकांचा होता. मुलाने फीत बांधली तर बाजूच्या मुलाला ती न बांधायची मुभा आहे. सरांनी बांधली तर?

नदीकाठ

@आडवाट, मी जर्मनीत शिक्षिका आहे. तुमच्याच प्रश्नावर इथे एक जुनी तडजोड आहे. १९७० च्या दशकात राजकीय शिक्षण कसं द्यावं यावरून इथे डावे आणि उजवे यांच्यात अगदी हातघाईवर आलेलं भांडण होतं. १९७६ मध्ये बॉयटेल्सबाख नावाच्या गावात दोन्हीकडचे शिक्षणतज्ज्ञ जमले. ठराव वगैरे झाला नाही. हान्स-गेऑर्ग वेलिंग यांनी नंतर टिपण लिहिलं आणि कशावर एकमत दिसतंय ते तीन मुद्द्यांत मांडलं. आज इथला प्रत्येक नागरिकशास्त्राचा शिक्षक ते शिकतो.

शिक्षकाने मुलांवर मत लादायचं नाही, त्यांना स्वतःचा निर्णय करण्याआधीच गाठायचं नाही. समाजात आणि विद्वानांत जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच यायला हवं. आणि मुलाला आपलं हित कुठे आहे, त्यासाठी काय करता येतं हे ओळखता आलं पाहिजे. तुमच्या मुलाच्या सरांनी पहिले दोन्ही मोडले. आणि मुख्याध्यापकांची सूचनाही दुसरा मोडते, कारण वाद लपवणं म्हणजे वाद नाहीच असं भासवणं.

पण याचा अर्थ शिक्षकाने सगळ्यात तटस्थ राहायचं असा लावू नका. २०१८ मध्ये हॅम्बुर्गमध्ये एका पक्षाने 'तटस्थ शाळा' म्हणून संकेतस्थळ काढलं, त्यावर पक्षाविरुद्ध बोलणाऱ्या शिक्षकांची तक्रार मुलांनी आणि पालकांनी करायची. शिक्षकांमध्ये खूप संताप झाला. माणसाची प्रतिष्ठा, समानता, घटनेची मूल्यं यांच्या बाबतीत इथला शिक्षक तटस्थ नसतो आणि नसावा. पक्षांमध्ये तटस्थ, माणुसकीच्या बाबतीत नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आहे.

निरंजन_७

मग काय वादग्रस्त आणि काय मूल्य हे कोण ठरवणार? खरी मेख तिथे आहे.

शब्दवेडी

@निरंजन_७, अगदी बरोबर बोट ठेवलंत. मी वर्गात असं पाहते: जाणत्या माणसांमध्ये पुराव्यासह दोन बाजू आहेत का? निवडणूक पद्धत कुठली चांगली, कर किती असावा, आरक्षण कसं राबवावं, इथे आहेत. उत्क्रांती झाली की नाही, इथे नाहीत. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकाला उत्क्रांती शिकवल्याबद्दल १०० डॉलर दंड झाला होता. गावाचा आणि विधिमंडळाचा त्या विषयावर वाद होता, पण जीवशास्त्राचा नव्हता. आणि अस्पृश्यता चूक की बरोबर यावर मी वर्गात 'दोन बाजू' मांडणार नाही. अनुच्छेद १७ ने ती नष्ट केली आहे आणि समोर बसलेल्या मुलाच्या माणूस असण्यावर हात वर करून मत घेत नाहीत.

घंटा_झाली

निवृत्त मुख्याध्यापक आहे. ज्यांनी सूचना काढली त्यांची बाजू इथे कुणीच घेतलेली नाही, म्हणून लिहितो.

सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम असतात, राजकीय पक्षात भाग घेता येत नाही. शिक्षकांना निवडणुकीचं काम लागतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने इतर बिगरशैक्षणिक कामं बंद केली तरी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक ठेवली आहेत. उद्या मतदान केंद्रावर जो बसणार, तो आज वर्गात एका पक्षाची टिंगल करताना दिसला तर गावाचा विश्वास उडतो. दुसरीकडे विधान परिषदेवर शिक्षकांचा स्वतंत्र मतदारसंघ आहे, अनुच्छेद १७१ प्रमाणे, आणि त्या निवडणुकीच्या वेळी सगळे पक्ष शिक्षकांच्या खोलीत येऊन बसतात. मुलांना हे दिसतं. शाळा राजकारणापासून अलिप्त आहे हे आम्ही म्हणायचो, पण मुलांना ते पटायचं असं मला वाटत नाही.

मुख्याध्यापक घाबरतो तो कायद्याला नाही. तो घाबरतो तो एका संध्याकाळी केबिनमध्ये येणाऱ्या दहा-पंधरा जणांना. संस्था हात वर करते, खातं खुलासा मागतं. २०१२ साल आठवा. अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकातल्या एका जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला, सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी मुख्य सल्लागारपद सोडलं, आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. एवढ्या मोठ्या अभ्यासकाची ही गत, तर शाळेतल्या माणसाने कुणाच्या भरवशावर उभं राहायचं? शब्दवेडी, तुमच्या मुख्याध्यापकांना विरोध जरूर करा. पण त्यांच्याबरोबर उभं राहायला चार पालक आणि चार सहकारी आधी तयार करा. एकटा माणूस नेहमी बंदीचाच सोपा मार्ग धरतो.

सावली_माझी

घंटा_झाली सरांनी २०१२ काढलंच आहे तर मला बोलू द्या. मोडतोडीचा निषेध तेव्हाही केला, आजही करते. पण त्या चित्राला आक्षेप घेणारे सगळे असहिष्णू होते असं जे लिहिलं गेलं ते मला तेव्हा फार लागलं.

व्यंगचित्रकार शंकर यांचं १९४९ चं चित्र. संविधानाच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. भोवती लोक बघतायत. संविधानाला वेळ लागतोय, दोघेही ते हाकतायत, असा त्याचा अर्थ. पुस्तकात सोबत प्रश्नही होता. हे मला कळतं. पण ज्या वर्गात मी एकटी त्या समाजाची होते, तिथे हे चित्र निघालं असतं तर मागच्या बाकावर हसू कसलं आलं असतं तेही मला कळतं. त्या हसण्याला उत्तर द्यायची ताकद माझ्यात अकरावीत नव्हती. चित्र काढून टाका असं मी म्हटलं नसतं. शिक्षकाने आधी वर्गाकडे नीट बघावं, एवढं म्हटलं असतं.

अभिव्यक्तिस्वातंत्र्य सगळ्यांना कागदावर सारखं असतं. वर्गात ते आडनावाप्रमाणे वाटलं जातं. धागाकर्तीने विचारलेला शेवटचा प्रश्न, एकट्या मुलाला कसं सांभाळायचं, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर अजून फारसं कुणी लिहिलेलं नाही.

शब्दवेडी

सावली_माझी, हा प्रतिसाद मी आमच्या शिक्षकांच्या बैठकीत वाचून दाखवू का? नाव न घेता.

सावली_माझी

दाखवा.

बारावी_ब

मी विद्यार्थी, वाचनमात्र होतो. तुम्ही सगळे शिक्षकांबद्दल बोलताय, पण आम्हाला खरी भीती वर्गमित्रांची असते. वर्गात काही बोललं की कुणीतरी रेकॉर्ड करतं, ग्रुपवर टाकतं, तिथून ते भावाकडे, काकाकडे जातं. आमच्यातली एक मुलगी आधी छान बोलायची, आता चर्चेत "माझं काही मत नाही" म्हणते. तिचं मत आहे. ती मला सांगते. सर किती चांगले आहेत त्याने यात फरक पडत नाही.

आणि आमच्यापैकी काही जण अठरा पूर्ण झालेत, मतदार यादीत नाव आहे. मत देता येतं पण वर्गात त्याबद्दल विचारता येत नाही, हे विचित्र नाही का?

काळा_डगला

@बारावी_ब, विचित्र आहेच. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं, आणि शाळा-कनिष्ठ महाविद्यालयं त्याच्या मागे राहिली.

तुझी भीती मात्र निराधार नाही. जानेवारी २०२० मध्ये बिदरच्या एका शाळेत मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटुकलं केलं. त्याचा व्हिडिओ पसरला, राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला, मुख्याध्यापिका आणि एका मुलीची आई यांना अटक झाली. पोलिसांनी शाळेत जाऊन मुलांची पुन्हा पुन्हा चौकशी केली. गणवेशातल्या पोलिसांनी मुलांना असं विचारणं बालन्याय कायद्याला धरून नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने नंतर सुनावलं, आणि २०२३ मध्ये गुन्हाच रद्द केला. नाटकातलं मत बरोबर होतं की चूक हा प्रश्नच नाही. विरुद्ध बाजूचं नाटक असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

खडूफळा

बारावी_ब आणि सावली_माझी यांच्या मुद्द्यांवर मी वर्गात जे करते ते सांगते.

चर्चेआधी सगळ्यांनी पाच मिनिटं लिहायचं, नाव घालायचं नाही. कागद गोळा करून मी मोठ्याने वाचते. एकट्याचं मत तेव्हा बाईंच्या आवाजात येतं, त्यामुळे त्यावर कुणी हसत नाही आणि ते कुणाचं हे शोधत बसत नाही. दुसरं, समोरच्याचं म्हणणं आधी त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचं. तो "हो, हेच म्हणायचंय मला" म्हणाला की मगच आपलं मांडायचं. यात निम्मी भांडणं विरतात, कारण निम्म्या वेळा मुलांना समोरचा काय म्हणतोय तेच माहीत नसतं. बाजू चिठ्ठ्या टाकून वाटते. घरी एक विचार आणि वर्गात मांडायचा उलटा, अशी वेळ आली की मुलं फार मन लावून तयारी करतात. मोबाइल तासाला टेबलावर, अपवाद नाही.

धर्म, जात यावरचा विषय असेल तर वर्गात कोण कोण बसलंय हे बघून ठरवते. काही वर्षी काही विषय घेतच नाही.

आडवाट

खडूफळा, अशा वर्गात मुलाला पाठवायला माझी हरकत नाही. दोन अटी. पालकांना आधी कळवा, विषय कोणता, कधी. आणि मुलांनी विचारलं तरी शिक्षकाने स्वतःचं मत सांगू नये.

नदीकाठ

पहिली अट शंभर टक्के मान्य. दुसरी नाही. दहावीतली मुलगी सरळ डोळ्यांत बघून विचारते, "बाई, तुम्हाला काय वाटतं?" तिला टाळलं तर ती शिकते की मोठी माणसं राजकारणावर लपवाछपवी करतात. मी शेवटी, चर्चा झाल्यावर सांगते, आणि त्याच वेळी माझ्या मताविरुद्धचं सगळ्यात भक्कम कारणही सांगते. मग विचारते, माझ्या म्हणण्यात भोक कुठे आहे? भोक काढणाऱ्याचं मी सगळ्यांसमोर कौतुक करते.

आडवाट

तुम्ही कराल. पण नियम तुमच्यासाठी नसतो, माझ्या मुलाच्या त्या सरांसाठी असतो. इंग्लंडच्या १९९६ च्या शिक्षण कायद्यातही कलम ४०६ ने शिकवताना पक्षीय मताचा प्रचार करायला मनाई आहे आणि ४०७ ने दोन्ही बाजू समतोलाने मांडायला सांगितलंय, असं आज वाचलं. मला तेवढं लेखी हवं.

घंटा_झाली

आडवाट यांचं म्हणणं मला व्यवहाराचं वाटतं. शब्दवेडी, बंदीच्या सूचनेच्या जागी एका पानाचं धोरण लिहून मुख्याध्यापकांकडे न्या: पक्षप्रचार नाही, वादाचा विषय दोन्ही बाजूंनी, पालकांना आगाऊ सूचना, तक्रार आली तर आधी शिक्षकाशी बोलणं. मुख्याध्यापकांच्या हाती कागद असला की त्यांना दहा-पंधरा जणांसमोर बोलायला बळ येतं. शिक्षकाने मत सांगावं की नाही हे त्यात आत्ता लिहू नका, त्यावर तुमच्या शिक्षकांतच दोन तट पडतील.

शब्दवेडी

सर, मसुदा या आठवड्यात करते आणि इथेच टाकते. 'एकटं मत असलेल्या विद्यार्थ्याचं संरक्षण' हे वेगळं कलम म्हणून घालणार आहे, सावली_माझी आणि बारावी_ब यांनी ते आधी वाचावं. काळा_डगला, १९८६ च्या निकालाचा सोप्या मराठीतला गोषवारा मिळेल का? पालकसभेत वाटायला हवाय.

काळा_डगला

करून देतो. दोन पानांत बसवतो. परिपत्रकाबद्दलचा परिच्छेद पूर्ण भाषांतर करून घालतो, मुख्याध्यापकांना तोच लागेल.

निरंजन_७

मलाही पाठवा. वाचून विरोधात लिहायचं असेल तर लिहीन.